अठरा वर्षांची

१९५१ साली मँगनीजच्या खाणीवर तपासणीचा साहेब येणार होता. आईनं मला, दहा वर्षांच्या पोरीला, आपलं लुगडं नेसवलं. शेजारच्या पारबतालाही तिच्या आईनं नेसवलं. "वय अठरा सांगजो माय, नाही तं मलेबी काढतीन," आईनं बजावलं.

साहेबानं वय विचारलंच नाही. पेपरमिंटच्या गोळ्या पुढे धरल्या. पारबतानं झडप घातली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण मी मान खाली घातली. "माह्या लेकरायले द्या, साहेब."

बाया हसल्या. हजेरीपटावर माझं वय अठरा लागलं. पारबताला आणि तिच्या आईला त्याच दिवशी काढलं. दोघी रडत गाव सोडून गेल्या.

माझी आई खाणीच्या धुळीनं खोकत खोकत वारली. पारबता शिकून हेडमास्तरीण झाली. मी बेचाळीस वर्षं मँगनीज वेचलं आणि कागदावर साठ भरली म्हणून बावन्नाव्या वर्षी घरी बसले. पारबता अजून भेटायला येते, तेव्हा पेपरमिंट आणते.