झारचा नजराणा

हंसाच्या आकाराचं, निळ्या मिनाकामाचं ते चांदीचं भांडं म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. रशियाच्या झारने आपल्या आजोबांना नजर केलं, असं ते आल्यागेल्याला सांगत. उमा लग्न होऊन रत्नागिरीत आली, तेव्हा ते ठेवलेल्या कपाटाची किल्ली सासूबाईंनी तिच्या कमरेला अडकवली, ती कायमचीच. माहेरी जायचं म्हटलं की मामंजी विचारत, "आणि कोणी भांडं बघायला आलं, तर काढून दाखवायचं कोणी?"

आज जयगडला लागलेल्या बोटीवरचा रशियन इंजिनिअर जेवायला आला होता. भांड्याच्या तळाची अक्षरं वाचून त्याने उमाला इंग्रजीत अर्थ सांगितला.

'आमच्या आन्नाला, पंचवीस वर्षं घर न सोडता केलेल्या चाकरीबद्दल.'

मामंजींना हल्ली ऐकू कमी येतं. "काय लिहिलंय गो?" त्यांनी अधीरपणे विचारलं.

उमाने भांडं पदराने पुसलं.

"योग्य माणसाच्याच हाती पडलंय, मामंजी."

"म्हणत नव्हतो मी!" मामंजी खूश झाले. "ठेव हो आता कपाटात. आणि किल्ली..."

किल्ली तिच्या कमरेलाच होती.