पिवळी ओळ

"पोर रडतंय तोवर खुशाल बस. गप्प झालं की आधी उठून बघ."

सासूबाईंनी हे बाळ झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. ती विद्यापीठाच्या संगणक विभागात सायबर सुरक्षेवर संशोधन करणारी. पाळण्यावर तिनं कॅमेरा बसवला होता. बाळ रडलं की तिचा फोन वाजायचा. फोन वाजला नाही म्हणजे सगळं आलबेल. त्यात उठून काय बघायचं?

आज विभागातही सगळं आलबेल होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकही पिवळी ओळ नव्हती.

"चला, जुने सर पासवर्ड शिकले एकदाचे!" शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी लंबू म्हणाला. "आता पार्टी त्यांच्याकडून."

जुने सर म्हणजे विभागाचे निवृत्त प्रमुख. हा पडदा, हे इशारे, सगळं त्यांनीच उभं केलेलं. आवाराच्या मागच्या गल्लीत एकटेच राहायचे. अजूनही रोज सकाळी घरून विभागाच्या यंत्रणेत शिरायचे आणि रोज तीनदा पासवर्ड चुकवायचे. तीन चुका झाल्या की पडद्यावर पिवळी ओळ. चौथ्यांदा मात्र एका फटक्यात बरोबर. "स्वतःच कुंपण घातलं आणि स्वतःच रोज त्यात अडकतात," लंबू हसायचा.

ओळ उमटली की कुणीतरी फोन करून खात्री करायची, असा नियम होता.

"सर, तुम्हीच ना?"

"मीच बाबा. आहे अजून."

मग हवापाणी, कुणाचा प्रबंध कुठं अडलाय, हिचं बाळ रांगायला लागलं का, सगळी चौकशी. ऐन कामाच्या वेळी तो फोन कुणालाच नको असायचा. सगळे एकमेकांवर ढकलायचे.

तो फोन तिनंच थांबवला होता. तिचं संशोधनच ते: कीबोर्डवर बोटं कोणत्या लयीत चालतात, यावरून माणूस ओळखायचा. यंत्राला सरांची लय चटकन पाठ झाली. हे सरच आहेत, विचारायची गरज नाही. गेल्या महिन्यापासून ओळ उमटायची आणि आपली आपण विरून जायची. विभागप्रमुख मॅडमनी तिची पाठ थोपटली होती.

आज ओळ उमटलीच नाही. तिच्या हातातला चहा निवत चालला. तिचा फोनही सकाळपासून गप्प होता. राहवलं नाही, तिनं घरी लावला.

"आई, बाळ झोपलंय का हो?"

"झोपतंय कसलं! खालच्या फळीवरचे डबे काढून बसलंय. ऐक." पलीकडून ढणढणाट आला. "आवाज येतोय ना? मग तू तुझं काम कर. गप्प झालं की मी बघते."

तिनं फोन ठेवला. पडद्याकडे पाहिलं. पडदा गप्प होता.

तिनं सरांचा नंबर फिरवला. घंटी वाजून वाजून थांबली. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

"फिरायला गेले असतील गं," लंबू म्हणाला. "तुझं आपलं काहीतरीच. ते चुकले तरी तुला ताप, नाही चुकले तरी ताप."

"तू येतोस, की मी एकटी जाऊ?"

लंबूनं तिचा चेहरा पाहिला आणि खुर्चीवरून उठला.

सरांचं दार आतून बंद होतं. हाका मारल्या, कडी वाजवली. मग ती थांबली, दाराला कान लावला. आत कुठंतरी पाण्याचा मग फरशीवर आपटत होता. हळू, दमून दमून, पण थांबत नव्हता.

लंबू स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उतरला. सर न्हाणीघरात पडले होते. पाय मोडला होता, ओरडून ओरडून घसा बसला होता. शुद्धीवर होते.

"उशीर केलात," ते पुटपुटले. लंबूनं, एरवी तोंडाला खीळ नसलेल्या त्या पोरानं, गुपचूप डोळे पुसले.

चार दिवसांनी ती दवाखान्यात गेली, तेव्हा सर उशीला टेकून बसले होते.

"सर, आता तुम्हाला सोपा पासवर्ड देते. चुकूच शकणार नाही असा."

सर हसले. "पासवर्ड पाठ आहे गं मला. विसरायला काय झालंय?"

"मग रोज तीनदा..."

"तीनदा चुकल्याशिवाय ओळ उमटत नाही ना. नियम माझाच आहे." ते जरा थांबले. "ही गेल्यापासून, सकाळी उठलो हे सांगायचं तरी कुणाला? तुम्ही विचारायचात, तुम्हीच ना? बरं वाटायचं. मग फोन थांबला. म्हटलं, थांबू दे. ओळ तर उमटत असेल. कुणीतरी बघत असेल."

 तिनं त्यांचा हात धरला.

विभागाचा नियम आता उलटा आहे. सर सकाळी यंत्रणेत आले नाहीत की ओळ उमटते. आणि ते आले तरी फोन जातोच. तो कुणी करायचा यावर रोज भांडण. बहुतेक वेळा लंबू जिंकतो आणि फोन लावतो.

तुम्हालाही रोज सकाळी कुणीतरी फुलांचं चित्र पाठवत असेल. कंटाळून तुम्ही त्याचा आवाज बंद केला असेल. सरांचा फोन थांबवणाऱ्या तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: आजचं चित्र आलंय का, बघा. आलं नसेल तर फोन लावा, आणि विचारा, "तुम्हीच ना?"