मंजुश्रीचा नेम

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे धामणगाव बढेहून परतले, तेव्हा मंजुश्रीने लॅपटॉप उघडला. लहानपणी बाबांसोबत टीव्हीवर बंदूक रोखून बदकं पाडायचा तो गेम तिला पुन्हा एकदा खेळायचा होता. दोन साइटांनी तो कॉपीराइटमुळे काढून टाकला होता. तिसरीवर कसाबसा सापडला. पण जिचा नेम तेव्हा कधी चुकत नसे, तिला आज एकही बदक पाडता येईना.

"हा गेम नकली दिसते, आई. तवा बदकं कसे बरोब्बर समोर येत होते!"

भिंतीला टेकून बसलेली आई पडद्याजवळ सरकली.



"नकली नाही व. बदक दुसऱ्या रिमोटनं हालते, अन् ते रिमोट तुह्या बाबाच्या हाती राहे. तू जिकडं बंदूक धरे, तिकडं ते बदक आनत."