एक हात राहिला

चौथ्या दिवशीही जनकाबाईनं पोरीला मांडवात सोडलं नाही. शेजारच्या बाभळीला झोळी बांधली, पोरीला मोहरीएवढी अफू चाटवली, तोंडावरून फडकं ओढलं आणि ती खडी फोडायला बसली.

पुसेगावजवळच्या माळावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. त्र्याहत्तरचा उन्हाळा. शेतं ओस पडली होती आणि आसपासच्या गावांतली माणसं या दुष्काळी कामावर येत होती. बायांची लेकरं बांधाच्या टोकाला, पळसाच्या डहाळ्यांच्या मांडवात राहायची. त्यांना सांभाळायला चार दिवसांपूर्वी चतुराबाई नावाची एक नवी बाई आली होती.

ती लेकरांच्या हातांचे ठसे घ्यायची.

तीन वाट्यांत गेरू, हळद आणि नीळ कालवलेली असायची. लेकराचा तळहात रंगात बुडवायचा आणि रद्दी कागदावर दाबायचा. मग कोळशानं चोच काढली की कोंबडी, शेपूट काढलं की मासा. पाच बोटं पसरली की मोराचा पिसारा. मांडवाच्या काठीला असे कागद टांगलेले असत. बाया हरखून गेल्या. ज्या लेकरू घरी आजीपाशी ठेवत, त्याही त्याला काखेत मारून घेऊन आल्या.

फक्त पद्माबाईला ते खटकलं. पद्माबाई जनकाबाईच्या शेजारी बसून खडी फोडायची.

"एक पाह्यलं का तू?" ती म्हणाली. "ठसा कसा उठला ते ती बघतच न्हाई. लेकराच्या तोंडाकडंच टक लावून बघती."

जनकाबाईचा हातोडा थांबला. "कुठली हाय ती?"

"कोणाला ठाव? आधी गोरेगावच्या कामावर होती म्हणं. त्याच्या आधी अजून कुठं. पंधरा दिसांवर कुठंच टिकत न्हाई. आन् समद्यांला इचारून राहिली, लेकरू कुठं झालं, सुईण कोण होती. काहून पाह्यजे तिला?"

जनकाबाईनं उठून झोळीवरचं फडकं नीट केलं. बांध आतापर्यंत दोनदा खचला होता. असा बांध जिवाचा बळी मागतो, असं मुकादम तातेराव कालच विडी ओढता ओढता बोलला होता. त्यानं ते हसत म्हटलं होतं, पण ऐकणाऱ्या बायांपैकी कोणी हसलं नव्हतं.

दुपारी भाकरी खायच्या वेळेला चतुराबाई स्वतःच बाभळीपाशी आली. बोटं गेरूनं लाल झालेली. डोळे खोल गेलेले.

"हिचा हात राह्यला," ती म्हणाली.

"झोपलीय. अंगात कणकण हाय."

"बघू तर द्या. केवढी हाय?"

तिनं फडक्याकडं हात नेला. जनकाबाईनं हातोडा उचलला.

"हात लावू नको. नजर लागती माझ्या पोरीला."

चतुराबाईनं हात मागं घेतला. मग ती मांडवाकडं परत गेली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत जनकाबाईनं जेव्हा जेव्हा मान वर केली, तेव्हा ती बाई मांडवाच्या दारातून झोळीकडंच बघत होती.

दुसऱ्या दिवशी पद्माबाईची मांडवात राहणारी पोर गंगू तापानं फणफणली. आदल्याच दिवशी तिच्या हाताचा निळा मासा झाला होता.

"ठसा दिला आन् ताप आला," जनकाबाई म्हणाली. ती हळूच म्हणाली, पण चौघींना ऐकू जाईल इतकं. "हात नेले तिनं लेकरांचे. आता बांधाखाली काय काय जाईल ते बघत बसा."

एवढं पुरलं. पद्माबाई रडत उठली आणि तिच्यामागं साऱ्या बाया उठल्या. त्यांनी टांगलेले कागद ओरबाडले. कोंबड्या, मासे, मोर, सगळं फाडून पायाखाली घातलं. रंगाच्या वाट्या लवंडल्या. लेकरं एकदम भोकाड पसरून रडायला लागली. चतुराबाईनं अंगावर आलेला एकही हात अडवला नाही.

तातेराव धावत आला. "बाई, तू निघ इथून. मला तकलीफ नको. आत्ताच्या आत्ता निघ."

"जाते," चतुराबाई म्हणाली. तिच्या चोळीची बाही फाटली होती. तिनं हात जोडले. "जाते, दादा. पण एक हात राह्यलाय. एवढा एकच. तेवढ्या लेकराला बघू द्या, मंग कधी तोंड न्हाई दाखवणार."

साऱ्यांच्या माना बाभळीकडं वळल्या.

झोळीच्या आड उभी असलेली जनकाबाई ओरडली, "बघा! ऐका तिच्या तोंडून! माझ्याच पोरीवर डोळा हाय तिचा!"

पहिला दगड तिनंच मारला. तो चतुराबाईच्या कपाळाला लागला. मग कोणाकोणाचे दगड आले ते कळलं नाही. चतुराबाई दोनदा पडली, दोनदा उठली. शेवटी कपाळाला पदर दाबून ती सेनगावच्या वाटेला लागली. थोडं चालायची, थांबायची, मागं बघायची. पुन्हा दगड आला की चालायला लागायची.

मग दगड थांबले. कोणी लेकरांना उचललं, कोणी त्यांच्या हातांवरचे रंग पदरानं घासून काढू लागलं. पद्माबाई जनकाबाईपाशी आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सांभाळलंस माय लेकराला. आमालाच अक्कल नव्हती."

जनकाबाईनं झोळीची दोरी घट्ट धरली. तिनं नुसती मान हलवली.

एवढ्या गलक्यानं पोरीची झोप मोडली आणि झोळी हलली. तोंडावरचं फडकं बाजूला सारून पोर उठून बसली. तिनं डोळे चोळले, माळावर नजर फिरवली, आणि वाटेनं दूर जाणाऱ्या त्या बाईकडं दोन्ही हात पसरून जिवाच्या आकांतानं हाक मारली, "आई!"