उकिरड्याची वाफ

सातासमुद्रापार लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या हावेपायी सहदेवने म्हातारा बैल खैऱ्या अमरावतीच्या खेपांना जुंपून जुंपून मारला.

"त्याले बांधावर मीठ टाकून पुरा," त्याची बायको पार्बताबाई म्हणाली.

"काहून पुरू? उकिरड्यात सडला तं कपाशीले खत होईन." सहदेवने बैल उकिरड्यात लोटून वर शेण, कचरा ओढला.

कुजणारा उकिरडा आतून तापतोच, त्यातून वाफही निघते. पण ही वाफ एकदा यायची, थांबायची, मग पुन्हा यायची. गोठ्यात खैऱ्या श्वास सोडायचा, तशी.

उन्हाळ्यात भरदुपारी सहदेवने खत उपसायला घेतलं. सगळं कुजून काळीभोर माती झाली होती. खैऱ्याचं हाडसुद्धा सापडलं नाही. वाफ मात्र येतच होती.

संतापलेल्या पार्बताबाईने मूठभर मीठ आणलं आणि कोपरापर्यंत हात त्या गरम खतात खुपसला.

आत कुणीतरी खरखरीत, ओल्या जिभेने तिचा तळवा चाटून साफ केला.

तिने सावकाश हात बाहेर काढला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आता तुमी घाला हात," ती म्हणाली. "मिठाबिगर."

वाफ थांबली होती.