शून्याखालची सही

विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी विद्यार्थी आणि संशोधकांना कराचे फॉर्म भरायला मोफत मदत होती. माझा संशोधक नवरा आम्हा दोघांचे फॉर्म घरूनच भरून, सह्या ठोकून आला होता. टेबलापलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं, "बायकोच्या फॉर्मवर सही कुणाची?" "माझीच," नवरा म्हणाला. "हिला कुठे पगार आहे? नुसतं शून्य तर लिहायचंय." बाईंनी फॉर्म शांतपणे फाडला. "शून्य असलं तरी ते यांचं आहे. सही यांचीच हवी." कोरा फॉर्म आणि पेन माझ्यापुढे आलं. तीन वर्षांत या देशात माझ्या सहीवाचून कुणाचंच अडलं नव्हतं. मी फॉर्म भरला, शून्य लिहिलं. खाली सही लफ्फेदार आली, शाळेत शिकवताना प्रगतिपुस्तकांवर करायचे तशी. "झालं ना? चल," नवरा ओशाळून म्हणाला. "थांब," त्याच्या फॉर्मवर पेन टेकवत मी म्हटलं, "तुझी जन्मतारीख चुकलीय. पुन्हा लिही."