डोक्यावरची टिंबं

धाकट्याचं एक वागणं आईंना जन्मात पटलं नव्हतं. हात आधी, विचारणं मागून. कुणाचं कपाट असो की कुणाचं टेबल, हा न सांगता आवरायला घेणार आणि वर ऐकवणार, बघा, किती सुटसुटीत झालं.

आज सकाळपासून भरतकामाचं मशीन अडून बसलं होतं. थोरली सून वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर नक्ष्या काढायची, सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची, आणि खाली मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर त्या उघडायच्या, अशी रोजची रीत. दुकान परमुलखातलं, त्यामुळे गिऱ्हाइकांची नावं नाना तऱ्हेची. कुणाच्या अक्षराच्या डोक्यावर टिंबं, कुणाच्या तिरपी काडी. थोरली फाइललाही नाव तसंच्या तसं द्यायची. वरचा कॉम्प्युटर नवा आणल्यापासून ती नावं खाली दिसत, पण उघडायला जावं तर 'फाइल सापडत नाही'. दारात उभ्या माणसानंच आपण घरी नाही म्हणून सांगावं, तसं.

मशीनच्या चौकटीत पांढरी शाल ताणून बसवलेली होती. नवरी मुलगी संध्याकाळी न्यायला येणार होती. शालीच्या कोपऱ्यावर तिच्या वारलेल्या बापाची सही भरायची होती. मुलीनं त्याच्या हातचं एक जुनं कार्ड आणून दिलं होतं. थोरलीनं त्यावरून सही टाक्याटाक्यानं उतरवली, शेवटची थरथरती शेपटीसुद्धा, आणि कार्ड जपून परत केलं.

आईंना बसवत नव्हतं. जिना चढायच्या, उतरायच्या, घड्याळ बघायच्या. धाकट्यानं समजावलं की एक कॉम्प्युटर अक्षर आणि टिंब एकजीव धरतो, दुसरा दोन्ही सुटे मोजतो. नाव बाहेरून एकच, आतून निराळं. थोरली म्हणाली, भावजी, तूर्त एवढ्या एकाच फाइलला साधं नाव द्या, बाकीचं सावकाश बघू. ती दोऱ्याची रिळं आणायला आत वळली, तेवढ्यात यानं झाडून सगळ्या फाइलींच्या डोक्यावरची टिंबं आणि काड्या एका फटक्यात उडवून टाकल्या.

फाइल उघडली. पडद्यावर काय आलंय ते नीट बघायलाही तो थांबला नाही. मशीन धडधडू लागलं.

"झालं की नाही, आई?"

आईंनाही घटकाभर हायसं वाटलं. सुई पांढऱ्या शालीवर भरभर पळत होती. त्या जवळ जाऊन वाकल्या. सही कुणाची, काय, ते वाचण्याइतकं शिक्षण त्यांचं नव्हतं. पण सहीला मुकुट नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांच्या हाकेसरशी थोरली धावत आली आणि तिनं मशीन थांबवलं. निळा मुकुट निम्मा उमटला होता. एका हॉटेलच्या टॉवेलांवर भरायचा तो. हॉटेलवाल्याचं आणि नवरीच्या बापाचं आडनाव सारखंच, फरक काय तो टिंबांचा. टिंबं गेली तशी दोन्ही नावं एक झाली, आणि टॉवेलाची फाइल सहीच्या उरावर बसली. सहीची तेवढीच एक प्रत होती, ती पुसली गेली.

थोरलीनं हळूच विचारलं, नावं बदलण्याआधी प्रत काढून ठेवली होती का? धाकटा पडद्याकडे बघतच पुटपुटला, "घोळ मशीनचा आहे, वहिनी. खालचं सगळं जुनाट झालंय."

थोरलीनं चौकट सोडवली, शाल मांडीवर घेतली आणि बारीक कात्रीनं एकेक निळा टाका उसवायला लागली. बोटं स्थिर होती.

आई तिच्याकडे बघत राहिल्या. मग दारातल्या धाकट्याच्या चपला त्यांनी पायानंच त्याच्यापुढे सरकवल्या.

"त्या मुलीच्या दारात तू जा," त्या म्हणाल्या. "तिच्या बापाच्या सहीवर टॉवेल टाकला, हे तुझ्या तोंडानं सांग, आणि हात जोडून ते कार्ड पुन्हा मागून आण. कुणी केलं म्हणून विचारलं तर मशीनचं नाव घेऊ नकोस. मशीनला आई नसते. तुला आहे."